भुणभुणणारी गिटार: आधी कान लावा, मग स्क्रू काढा

इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला जोडा, तारांना हात न लावता व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि घरात पेटी असेल तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून धरा. ॲम्पमधली भुणभुण आणि पेटीचा सूर जवळजवळ जुळतात, भुणभुण किंचित चढी लागते इतकंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिची दुप्पट १००, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ९८ हर्ट्‌झचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिकडची भुणभुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळते. थोडक्यात, तुमची गिटार जे गाते आहे ते भिंतीतल्या वायरिंगचं गाणं आहे.

मी सदाशिव पेठेत राहतो. नोकरी भलतीच करतो आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांच्या गिटारी उघडून बसतो. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कॉलेजची पोरं खांद्याला बॅगा लावून येतात. प्रश्न ठरलेला: "दादा, फार आवाज करतेय. हंबकर टाकू का?" (हंबकर म्हणजे भुणभुण मारणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप, त्याची गोष्ट पुढे.) माझं उत्तरही ठरलेलं: "आधी तुझ्या घरी, तुझ्या ॲम्पवर ऐकव." कारण पुष्कळदा गिटारचा काही दोषच नसतो. आणि असला तरी दोन अगदी वेगळे आवाज लोक एकच समजतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

घूं आणि चर्र

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची वायर, म्हणजेच कॉइल. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका पिकअपमध्ये तिचे साधारण आठ हजार वेढे असतात. वर तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. पण हे क्षेत्र तारेनं हलवलं की शेजारच्या ॲडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरनं, हे त्या वेढ्यांना कळत नाही. ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर, फ्रिज, ट्यूबलाइटचा जुना चोक यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो तो गोल, जाडसर आवाज. त्याला मी 'घूं' म्हणतो.

दुसरा आवाज पातळ, टोकदार, मधमाशीसारखा. तो विद्युत क्षेत्रातून येतो. भिंतीतल्या वायरी, डिमर, पंख्याचे जुने रेग्युलेटर हे त्याचे उगम, आणि तुमचं शरीर त्याचा अँटेना. हा 'चर्र'.

औषधं वेगळी. चर्र थांबतो तो शिल्डिंगनं, म्हणजे गिटारच्या पोटात धातूचं अस्तर लावून ते ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या समाईक वाटेला, जोडल्यानं. घूं या अस्तराला जुमानत नाही. इतक्या कमी हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ फॉइलमधून सरळ आरपार जातं. घूं मारायला दुसरी कॉइलच लागते. "एवढं शिल्डिंग केलं तरी आवाज येतोच" ही तक्रार ज्यांची असते, त्यांना बहुतेक वेळा घूं होता आणि त्यांनी चर्रचं औषध घेतलेलं असतं.

कुठल्या मॉडेलला कुठलं दुखणं

लिओ फेंडरनं दोन पिकअपची ब्रॉडकास्टर आणली १९५० साली. त्याच नावाशी मिळतंजुळतं नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमचं निघाल्यामुळे १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्हींचे पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे घूंला दार सताड उघडं. टेलीचा गळ्याकडचा पिकअप धातूच्या टोपीखाली असतो आणि टोपी ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे तो चर्रच्या बाबतीत थोडा सभ्य.

स्ट्रॅटला मुळात तीन जागांचाच स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच यायला १९७७ उजाडलं. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो. म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, घूं गायब होतो. जुन्या स्ट्रॅटमध्ये तिन्ही पिकअप एकसारखे, तिथे तो जात नाही. स्वस्तातल्या प्रतिकृतींत दोन्ही प्रकार सापडतात. तुमची कुठली, हे स्विच फिरवून अर्ध्या मिनिटात कळतं.

गिब्सन कंपनीकडे १९४६ पासून पी-९० नावाचा पिकअप होता. तोही सिंगल कॉइलच, पण रुंद, जाड आवाजाचा, आणि घूंच्या बाबतीत स्ट्रॅटलाही मागे टाकणारा. त्यांची १९५२ ची पहिली लेस पॉल गिटार याच पिकअपची होती. गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन कॉइलच्या पिकअपचं, म्हणजे हंबकरचं, पेटंट मागितलं. १९५७ मध्ये हे पिकअप लेस पॉलवर बसले, आणि पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. मधल्या काळात पिकअपच्या बुडाला 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल असायचं. त्यावरून 'पीएएफ' हे नाव आजही पिकअप विकणाऱ्यांच्या तोंडी आहे.

हंबकरची युक्ती फार देखणी आहे. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, आणि त्यांचे चुंबकी ध्रुवही उलटे. तारेचा सिग्नल दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो आणि दोन्हीकडून येऊन बेरीज होते. बाहेरच्या घूंला चुंबकाशी देणंघेणं नाही. तो एकदाच उलटतो, त्यामुळे दोन कॉइलमधले घूं एकमेकांना मारतात. मात्र हंबकरलाही चर्र येऊ शकतो, कारण त्याची पोटातली वायरिंग, स्विच आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) इतरांसारखेच उघडे असतात.

पुलाकडे (पूल म्हणजे ब्रिज, तारा गिटारच्या अंगावर टेकतात ती पट्टी) हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, या एचएसएस रचनेची गिटार नवशिक्यानं घ्यावी असं मी सांगतो. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू देत.

चार मिनिटांची तपासणी

गिटार उघडण्याआधी हे करा. कागदावर लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

आधी केबल ॲम्पमधून काढा. गिटारच्या बाजूनं नव्हे, ॲम्पच्या बाजूनं, कारण नुसती लोंबकळणारी केबल स्वतःच अँटेना होऊन कोकलते. काहीही न जोडता ॲम्प गुणगुणत असेल तर प्रश्न ॲम्पचा किंवा विजेचा. गिटारला दोष देऊ नका.

मग गिटार जोडा आणि तिचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर तो पिकअपमधून येत नाहीये. केबल बदलून बघा, जॅक हलवून बघा. (अपवाद एकच, इंडिपेंडंट वायरिंगची लेस पॉल. तिचं पुढे येतंय.)

आता व्हॉल्यूम उघडा आणि गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज झपकन पडत असेल आणि चौथाई वळणानंतर पुन्हा चढत असेल, तर तो घूं. मृत बिंदू कुठल्या दिशेला आहे ते लक्षात ठेवा, त्याचा पुढे फुकटात उपयोग आहे.

शेवटी तारांवर तळवा ठेवा. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे गिटारचं ग्राउंडिंग बिघडलंय, असं लोक ठामपणे सांगतात. नेमकं उलटं. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे पुलापासून ग्राउंडपर्यंतची वायर शाबूत आहे, आणि तुमचं शरीर अँटेना व्हायचं सोडून ग्राउंडला जोडलं गेलंय. तो चर्र आहे, शिल्डिंगचा फायदा होईल. तारांना हात लावून काही फरक नाही, पण जॅकच्या धातूच्या पट्टीला बोट लावल्यावर आवाज पडतो, तर पुलाची ग्राउंड वायर तुटलीय. आणि हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर बहुधा जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात.

खरखर आणि शिट्टी हे वेगळे पाहुणे. नॉब फिरवताना खरखर झाली तर पॉट घाण झालाय. पावसाळ्यानंतर पुण्यात ही साथच येते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत मारा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मोठ्या गेनवर, म्हणजे ॲम्पमध्ये सिग्नल खूप फुगवल्यावर, शिट्टी वाजत असेल तर पिकअपवर नखानं टिचकी मारा. ॲम्पमधून टकटक स्पष्ट ऐकू आली तर वेढे सैल आहेत, त्यांना मेणाचा डोह लागतो. वितळलेल्या पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घालून, ६५ अंशांच्या आसपास, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात. जरा जास्त तापलं तर प्लॅस्टिकची बॉबिन वाकडी होते. थेट गॅसवर तर कधीच नको, मेण पेट घेतं. पहिल्या खेपेला हे काम जाणत्याकडून करून घ्या.

आधी घर, मग गिटार

बुधवार पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या खोलीत, एका अकरावीतल्या मुलाची गिटार ऐकायला गेलो होतो. स्ट्रॅटच्या घाटाची, नवीकोरी. चर्र इतका की बोलणं ऐकू येईना. त्याच्या आजोबांनी मला विचारलं, "हे यंत्र बंद असताना असं ओरडतं, मग चालू झाल्यावर काय करतं?" बोर्डावर तीन पिनचा सॉकेट होता. सॉकेटचं झाकण काढायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंग नावाला. जुन्या वाड्यांत आणि वाड्यांच्या जागी घाईनं उभ्या राहिलेल्या काही इमारतींतही हे सर्रास दिसतं.

अर्थिंग नसेल तर गिटारच्या पोटात कितीही तांबं भरा, त्या तांब्याला जोडायला जमीनच नाही. आणि हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. तारा ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. गाताना ओठ माइकला लागला आणि झिणझिणी आली तर तिथेच थांबा, माइकला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. भुणभुण कमी होते म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कापणारे किंवा तीनाचे दोन करणारा ॲडॉप्टर लावणारे महाभाग मी पाहिलेत. असं कधीही करू नका. व्हॉल्व्हचा ॲम्पही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात.

मग एकेक वस्तू बंद करत जा: डिमर, ट्यूब, पंखा, मोबाइलचा चार्जर. लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेसमधून गिटार जोडून वाजवत असाल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कितीतरी 'खराब पिकअप' या एका कृतीनं बरे झालेत. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेले आणि ॲम्प इन्व्हर्टरवर लावला तर भलताच कर्कश चर्र येतो, कारण स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलाईदार नसते, तिला चौकोनी कोपरे असतात. त्या दिवशी बिनॲम्पचा रियाज करा.

पोट उघडणं आणि तांब्याचं अस्तर

इथपर्यंत येऊनही चर्र उरला तर शिल्डिंग. साहित्य तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं: मल्टिमीटर, ६०/४० चं रोझिन कोअर सोल्डर, ४० वॉटची सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक, वायर. २५ वॉटची आयर्न स्विचच्या पायांना चालते, पण पॉटची पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर वर गोळ्यासारखा बसतो. तो जोड दिसायला पक्का असतो, पण महिन्याभरात दगा देतो. पॉटच्या पाठीला आधी काचकागद मारा, मग आयर्न टेकवा, मग सोल्डर लावा. सोल्डर पाण्यासारखा पसरला पाहिजे. वायरला आणि पाठीला वेगवेगळी कल्हई करून मग दोन्ही जोडली तर काम दोन सेकंदांत होतं.

तांब्याची फॉइल मात्र चिकटपट्टीची, आणि तिचा गोंद वीजवाहक आहे असं वेष्टनावर लिहिलेली घ्या. पहिल्यांदा मी तांबट आळी आठवून तांब्याचा पत्राच आणायचा म्हणत होतो. पत्रा भांड्याला ठीक, पण गिटारच्या कोनाकोपऱ्यांत तो वळत नाही. गोंद साधाच निघाला तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइलही विजेच्या दृष्टीनं चालते, फक्त तिला सोल्डर धरत नाही. तिला स्क्रूखाली दाबलेल्या वॉशरनं ग्राउंड जोडावी लागते.

तारा सैल करून काढा. उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढा, प्रत्येक वायरचा रंग दिसेल असे. स्क्रू दोन वाट्यांत ठेवा, पिकगार्डचे (गिटारच्या समोरच्या पाटीचे) वेगळे, पिकअपचे वेगळे, नाहीतर लांब स्क्रू आखूड जागी जाऊन लाकूड फाडतो. खाचेतला भुसा आणि मेण पुसून घ्या. आधी तळ, मग भिंती. पट्ट्या एकमेकींवर पाच-सहा मिलिमीटर चढवा. भिंतीवरची फॉइल एका ठिकाणी काठावरून बाहेर, पिकगार्डच्या स्क्रूच्या भोकापर्यंत आणा. पिकगार्डच्या मागेही फॉइल लावा. स्क्रू आवळला की झाकण आणि डबा यांचा एकच पिंजरा होतो. खाचेतून एक वायर पॉटच्या पाठीला जोडा. आता मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक जॅकच्या बाहेरच्या पायाला, दुसरं प्रत्येक पट्टीला, पुलाला, पॉटना लावत जा. सगळीकडे बीप आलाच पाहिजे.

गिटारच्या पोटातल्या ग्राउंड लूपवर, म्हणजे ग्राउंडला एकाहून जास्त वाटांनी जोडल्यानं होणाऱ्या फेऱ्यावर, लोक हातघाईवर येतात. माझ्या अनुभवात वीतभर खाचेतल्या त्या लूपनं कुणाची गिटार ओरडलेली नाही. खरा लूप दोन ॲम्प किंवा ॲम्प आणि लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटवर असताना होतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा.

माझी फजिती सांगतो. एका मित्राच्या स्ट्रॅटला कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सुरेख अस्तर लावलं, बीप तपासले, आरशासारखं काम. सकाळी केबल लावली आणि गिटार मुकी. सगळे सोल्डर पुन्हा केले, स्विच बदलला, तरी मुकीच. दुपारी चुकून प्लग अर्धा बाहेर आला आणि स्पीकरमधून खणखणीत ई वाजला. जॅकच्या टोकाचा पाय प्लग आत गेल्यावर बाहेर वाकतो. स्ट्रॅटच्या नावेसारख्या पट्टीखालची खाच आधीच अरुंद, तिथे तो पाय माझ्या फॉइलला टेकत होता आणि सगळा सिग्नल ग्राउंडला वाहून जात होता. प्लग न लावता केलेल्या तपासणीत हे कधीच दिसलं नसतं. तेव्हापासून जॅकच्या खाचेत फॉइलवर इन्सुलेशन टेपचे दोन थर असतात, आणि मी मल्टिमीटर प्लग *आत असताना* लावतो.

वायरिंग बदलताना

पॉट ही फक्त आवाज कमी-जास्त करायची वस्तू नाही. पूर्ण उघडा असला तरी तो सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामधे बसलेलाच असतो आणि वरचे सूर थोडे पितो. म्हणून चमकदार सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम), हंबकरला ५०० के. फेंडरच्या १९६२ च्या जॅग्वारला तर १ मेग, म्हणजे १००० के. एचएसएस गिटारमध्ये ५०० चा पॉट टाकला तर सिंगल कॉइल कानाला टोचू शकतात. सिंगल कॉइलच्या वाटेवर ग्राउंडकडे आणखी ५०० के चा रेझिस्टर समांतर लावला की त्यांच्यापुरता तो २५० होतो.

खरेदीला गेलात तर पॉटवरचं अक्षर बघा. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. बहुतेक दुकानदार बी काढून पुढ्यात ठेवतात. व्हॉल्यूमला बी लावला तर कानाला सगळा आवाज शेवटच्या थोड्या वळणातच पडल्यासारखा वाटतो. मोठ्या पॉटची मान साडेनऊ मिलिमीटर, छोट्यांची सात-आठ. भोक मोजून जा, दांडा गुळगुळीत आहे की दातेरी तेही बघा, नाहीतर जुना नॉब बसत नाही. टोनचा कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर अनुक्रमे २२३ आणि ४७३ छापलेलं असतं. तेलात बुडवलेल्या महागड्या कपॅसिटरवर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर मात्र डोळे मिटून मला कधी ओळखता आलेला नाही.

व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज गढूळ होतो, ही दुसरी मोठी तक्रार. दोन उपाय आहेत. गिब्सनच्या पन्नाशीच्या दशकातल्या रचनेत टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूला जोडलेला असतो. आजच्या रचनेत तो पिकअप येतो त्या पायाला. एक वायर एका पायावरून शेजारच्या पायावर न्यायची, खर्च शून्य. त्याची किंमत अशी की टोन फिरवला की व्हॉल्यूमही जरा हलतो. दुसरा उपाय ट्रेबल ब्लीड: पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमधे १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे १०२ छापलेला, आणि त्याला समांतर १५० के चा रेझिस्टर. दोन्ही उपाय एकाच गिटारवर करू नका, व्हॉल्यूम कमी केला की आवाज पत्र्यासारखा होतो. आणि दोन्हींआधी केबल बघा. दहा मीटरची स्वस्त केबल एकटीच वरचे सूर गिळते, तिथे तीन मीटरची पुरते.

स्ट्रॅटमध्ये पुलाकडच्या पिकअपला पूर्वापार टोनच नसतो आणि तोच सर्वांत कर्कश. स्विचवर मधल्या टोनचा पाय आणि पुलाच्या पिकअपसाठी मोकळा असलेला पाय यांना बोटभर वायरनं जोडलं की तो त्या टोनच्या ताब्यात येतो. स्ट्रॅटवरचा हा माझा सर्वांत आवडता बदल.

लेस पॉलमध्ये दोन व्हॉल्यूम, दोन टोन. स्विच मधे असताना एक व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही पिकअप गप्प होतात. ते टाळायला दोन्ही पॉटवर पिकअपची आणि बाहेर जाणारी वायर यांची अदलाबदल करतात, हीच इंडिपेंडंट वायरिंग. पण मग व्हॉल्यूम शून्यावर पिकअप ग्राउंड होतो आणि केबल मात्र ५०० के च्या पलीकडे अधांतरी राहते, म्हणून कमी व्हॉल्यूमवर चर्र वाढतो. मला हा सौदा पटत नाही.

हंबकरच्या चार रंगीत वायरी बघून घाबरू नका, पण रंगांवर विश्वासही ठेवू नका, कारण प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी सिग्नलला, पांढरी आणि लाल एकमेकींना, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलला, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी ग्राउंडला. एकमेकींना जोडलेली ही जोडी पुश-पुल पॉटनं (नॉब वर ओढला की स्विचसारखा चालणाऱ्या पॉटनं) ग्राउंड केली की एक कॉइल बंद पडते, हे कॉइल स्प्लिट. आवाज सिंगल कॉइलसारखा होतो आणि घूंही परत येतो. दोन कॉइल समांतर जोडल्या तर आवाज तसाच हलका होतो, पण घूं मरतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी स्प्लिटऐवजी समांतर जोड सुचवतो.

मधला पिकअप बदलणार असाल तर होकायंत्र घ्या. जुन्या पिकअपच्या खांबाजवळ सुईचं कुठलं टोक ओढलं जातं ते बघा, नव्याचंही तेच हवं. चुंबक चुकला तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूं परत येतो किंवा आवाज नाकात बोलल्यासारखा पातळ होतो. पातळ झाला तर एका पिकअपच्या दोन वायरी अदलून आवाज सुधारेल, पण मग घूं परत येईल.

बंद करण्याआधी

तारा चढवण्याआधी पिकगार्ड उलटं असतानाच केबल लावा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं प्रत्येक पिकअपच्या खांबांवर हलकेच टकटक करत स्विच फिरवा. ज्या जागेला जो पिकअप बोलायला हवा तोच बोलतो का ते बघा. मग मल्टिमीटर २० के वर ठेवून, नॉब पूर्ण उघडे ठेवून, केबलच्या मोकळ्या टोकावर मोजा. स्ट्रॅटचा एकेक पिकअप साडेपाच ते साडेसहा के दाखवतो, जुन्या पद्धतीचा हंबकर सात ते नऊ. स्ट्रॅटच्या दुसऱ्या-चौथ्या जागेवर साधारण तीन के यायला हवं, कारण दोन पिकअप समांतर असतात. शून्य दिसलं तर काहीतरी ग्राउंडला टेकलंय. आकडाच आला नाही तर काहीतरी तुटलंय. हे आकडे आणि वायरिंगचं एक हातानं काढलेलं चित्र घडी करून खाचेतच ठेवा.

एवढं करूनही सिंगल कॉइलला घूं थोडा राहतोच. गेन वाढवाल तितका तो वाढेल. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावता येतो, पण तो लांब धरलेल्या सुराची शेपटी कापतो. एकावर एक कॉइल असलेले 'नॉइजलेस' पिकअप घेता येतात, चमक जराशी कमी होते. आणि एक फुकटचा उपाय तुम्ही गोल फिरताना आधीच शोधून ठेवलाय.

वाड्यातल्या त्या मुलाच्या खोलीत अर्थिंगची नवी वायर आली, गिटारला अस्तर लागलं आणि चर्र थांबला. घूं उरला, भिंतीपलीकडच्या फ्रिजचा. त्यानं गोल फिरून मृत बिंदू शोधला आणि खुर्चीच्या चार पायांभोवती शहाबादी फरशीवर खडूनं खुणा केल्या. आता आजी केर काढताना तेवढी जागा सोडून झाडते.